स्वभावाला औषध नाही म्हणे!

मराठी माणसाला काही म्हणी फार सोयीच्या वाटतात. त्यांत पहिला मान ‘स्वभावाला औषध नाही’ या म्हणीचा. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही तिची थोरली बहीण. पण ती जरा कडवट, म्हणून चारचौघांत धाकटीलाच पुढे करतात. सीमाभागात समुपदेशनाचा व्यवसाय करताना या दोघी बहिणी मला रोज भेटतात. इतक्या वर्षांत माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. ही म्हण वापरणारे दोन प्रकारचे असतात : ज्याला स्वतःला बदलायचं नाही तो, आणि दुसऱ्याच्या बदलापायी ज्याला काडीचीही तोशीस नको आहे तो. जो खरोखर धडपडतो आहे, त्याच्या तोंडून ती मी क्वचितच ऐकली.

म्हणून मला स्पष्टच म्हणायचं आहे की हे शहाणपण नव्हे. हा निवाडा आहे, आणि तोही आरोपीचं म्हणणं न ऐकता दिलेला. एकदा तो दिला की घरातल्या कुणालाच काही करावं लागत नाही. तापट माणूस तापट राहायला मोकळा, आणि बाकीचे त्याच्यापासून चार हात लांब राहायला मोकळे.

बरं, ही म्हण सर्वांना सारखी लागू असती तरी एक वेळ मानता आलं असतं. मुलगा तापट असला की तो त्याचा स्वभाव. जावई घुमा असला की तो त्याचा स्वभाव. सासरे भरल्या ताटावरून उठून गेले की ‘त्यांचा स्वभावच तसा, तू मनावर घेऊ नकोस.’ पण त्याच घरात सून आली की म्हण अडगळीत जाते. आपल्याकडे अनेक घरांत अजूनही लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीने तिचं नवं नाव लिहितात. आडनाव तर बदलतंच, बारशाचं नावही बदलतं. मग उठायची वेळ बदलते, आमटीतला गूळ बदलतो, हसण्याचा आवाज बदलतो. आपल्या भागात तर कित्येकींची भाषाही बदलते. कोल्हापूर-सावंतवाडीकडची मुलगी बेळगाव-खानापूर-निपाणीकडे येते आणि दोन वर्षांत बाजारात कन्नडमधून भाजीचा भाव पाडते. तिथे कुणी म्हणत नाही, की ‘बिचारीचा स्वभावच मराठी बोलण्याचा, तिला कशाला त्रास!’ तेवीस वर्षांच्या मुलीला वर्षभरात आमूलाग्र बदलायला लावणारं घर पंचेचाळीस वर्षांच्या पुरुषाबद्दल मात्र सुस्कारा टाकून म्हणतं, ‘आता या वयात काय बदलणार तो?’

माणूस बदलतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. कुणी बदलायचं, एवढंच आपण आधी ठरवून ठेवलेलं असतं.

एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सरकारी कचेरीतले एक गृहस्थ पत्नीच्या आग्रहाखातर आले होते. घरी ताट भिरकावणं, मुलांवर ओरडणं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलणं हे नित्याचं. ‘माझा स्वभावच तापट आहे हो, वडिलांचाही तसाच होता,’ ते म्हणाले. मी विचारलं, कचेरीत लोक हुज्जत घालतात, तेव्हा राग येतो का? ‘येतो की.’ साहेब चारचौघांत बोलतात तेव्हा? ‘तेव्हा तर फारच.’ मग काय करता? ‘गिळतो. कन्नडमध्ये दोन गोड शब्द बोलतो आणि गिळतो.’ आणि घरी? ‘घरी कशाला गिळायचा?’

या शेवटच्या वाक्यावर तेच थबकले. वीस वर्षं खिडकीपाशी बसून राग गिळण्याची कला त्यांनी उत्तम साधली होती. ती कुठे वापरायची आणि कुठे नाही, हेही त्यांनीच ठरवलं होतं. बाहेर भाषा बदलली की वर्तन बदलत होतं. घराच्या उंबऱ्यावर चपला काढाव्यात तसा ते संयम काढून ठेवत होते. आपण दोन भाषांत राहणारी माणसं. घरात एक, दुकानात दुसरी, पोरांच्या शाळेत तिसरी. ठिकाण बदललं की माणूस कसा निराळा वागतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकायला नको. असं असूनही ‘स्वभाव अटळ आहे’ ही थाप आपण मान डोलावून ऐकतो, याचं मला नवल वाटतं.

या म्हणीतला मूळ घोटाळा असा, की स्वभाव, सवय आणि आजार ही तीन धान्यं आपण एकाच पोत्यात भरतो. कुणी मुळातच शांत असतो, कुणी बडबड्या, कुणी पटकन घाबरतो. यातलं बरंच काही जन्मतः येतं आणि त्यातलं पुष्कळसं बदलण्याची गरजही नसते. अबोल मुलीला बळेबळे बोलकी करणारे आईबाप मला तितकेच खटकतात. सवय निराळी. राग आल्यावर ताट भिरकावायचं की उठून अंगणात जायचं, ही सवय आहे. ती शिकलेली असते म्हणून मोडता येते. आजार आणखी निराळा. त्याच्याकडे नंतर येते. पण ज्याला आपण खरोखरच स्वभाव म्हणतो, तोही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. उपचार घेतलेल्या माणसांच्या स्वभावगुणांत, विशेषतः सतत चिंतेत आणि उदासीत राहण्याच्या वृत्तीत, मोजता येईल असा फरक पडलेला दिसला. उपचारांचा काळ सरासरी २४ आठवडे होता. म्हणजे सहा महिन्यांहूनही कमी. एवढ्यात आपल्याकडे घराला रंग देऊन होत नाही!

इथवर मान हलवणाऱ्या काही मंडळींना आता माझं पुढचं बोलणं आवडणार नाही. कारण ‘काहीच बदलत नाही’ म्हणणाऱ्यांइतकेच ‘चुटकीसरशी सगळं बदलतं’ म्हणणारेही माझ्या दृष्टीने दोषी आहेत. गावोगावच्या सभागृहांत व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं भरतात. सकाळी नोंदणी, दुपारी जेवण, संध्याकाळी सर्वांनी डोळे मिटून नवा माणूस व्हायचं. ‘२१ दिवसांत सवय बदला’ हा तर यांचा मंत्रच झाला आहे. हे २१ दिवस आले कुठून? मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली एका पुस्तकात लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातला ‘निदान’ गळाला, चेहरा गळाला, आणि उरला तो आकडा. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी ९६ माणसांना रोजची एक नवी साधी सवय लावून घ्यायला सांगितलं आणि त्यांचा हिशेब ठेवला. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं गणित आलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य घराघरांत भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. कारण आपल्याकडे बदलू पाहणाऱ्याचा एक दिवस चुकण्याची वाट बघणारे टपलेलेच असतात. ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य त्यांच्या जिभेच्या टोकावर तयार असतं. दीड महिना न प्यालेला माणूस एका लग्नात घसरतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर त्याला सांगतं, की तो दीड महिना खोटा होता आणि ती एक रात्र खरी. मग तो तरी कशाला पुन्हा उभा राहील?

उपदेशाचंही असंच. आपल्या समाजाचा उपदेशावर भारी भरवसा. काका सांगतात, गुरुजी सांगतात, मंडळाचे अध्यक्ष सांगतात. बिघडलेल्या मुलाला मध्ये बसवून दहा जण दहा दिशांनी समजावतात आणि त्याला ‘बैठक’ म्हणतात. अमेरिकेतले विल्यम मिलर यांनी दारू पिणाऱ्यांच्या समुपदेशनाचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला. समुपदेशक जितका अंगावर जाऊन सुनावत होता, तितकं त्याच्यासमोर बसलेल्या माणसाचं पिणं वर्षभरानंतर जास्त आढळलं. शिकल्यासवरलेल्या समुपदेशकाच्या सुनावण्याची ही फळं, तर आपल्या काकांची काय कथा! माणसाला तू बदलच म्हणून रेटलं, की तो न बदलण्याची कारणं शोधू लागतो. वकील आपणच त्याला मिळवून देतो.

मग बदल होतो तरी कसा? याचं उत्तर शोधायला सातासमुद्रापलीकडे जायला नको. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं तरी पुरे. तिथे १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी एक प्रयोग केला. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, पदवीधर मानसशास्त्रज्ञही नव्हते. या कामाचं प्रशिक्षण दिलेली ती स्थानिक साधी माणसं होती. रुग्णाबरोबर सहा ते आठ भेटी, बस्स. २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी या रुग्णांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आलेले होते. ज्यांना नेहमीचेच पण जरा सुधारलेले उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं. अशीच दुसरी पाहणी घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या पुरुषांची. तिथे फरक लहान होता : ३६ टक्के आणि २६ टक्के. शंभरांत दहा जास्त. हा आकडा कुणाला किरकोळ वाटला, तर त्या दहा घरांत संध्याकाळी सात वाजता काय फरक पडला असेल, तो त्याने डोळ्यांपुढे आणावा.

नैराश्याच्या त्या उपचारात जादू कसलीच नव्हती. उदास माणूस म्हणतो, ‘मन झालं की उठेन.’ उपचार म्हणतो, ‘आधी ऊठ, मन मागून येईल.’ आज फक्त व्हरांड्यात बसायचं. उद्या तुळशीला पाणी घालायचं. परवा शेजारणीकडे पाच मिनिटं जाऊन यायचं. काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, ते पाहायचं. आधी कृती, मग भावना. आपल्या घरांत नेमकं उलट चालतं. आजारी माणसाच्या हातातलं काम काढून घेतात, वर ‘मन खंबीर कर’ असा सल्ला देतात.

बदलाची शक्ती बदलणाऱ्यातच असते, हे जगाला ठणकावून सांगणारा माणूसही गोव्याचाच. कांदोळीत १७५६ साली जन्मलेले आबे फारिया. मेस्मरच्या पंथातले लोक म्हणत, की मोहनिद्रा घालणाऱ्याच्या अंगातून एक अदृश्य प्रवाह निघतो. १८१३ सालापासून पॅरिसमध्ये व्याख्यानं देणाऱ्या फारियांनी सांगितलं, की असा काही प्रवाह नाही. जे घडतं ते समोरच्या माणसाच्या मनात घडतं. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. हात उंचावलेले फारिया आणि त्यांच्यासमोर कोसळणारी स्त्री. पाहणाऱ्याला वाटतं, सारी शक्ती त्या हातांत आहे. जे खोडून काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेच लोकांनी त्यांच्या पुतळ्यात पाहावं! आणि आपण आजही तेच करतो. बुवा पाहतो, गुरू पाहतो, शिबिराचा वक्ता पाहतो. माझ्या खोलीत आलेला माणूसही आधी माझ्या हातांकडेच पाहतो.

याच फारियांची एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचनाला उभं राहिल्यावर त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडील हळूच कोकणीत म्हणाले, ही सगळी भाजी आहे, काप रे भाजी! आणि वाचा सुटली. खरीखोटी देव जाणे. पण त्यातला बाप मला मोलाचा वाटतो. ‘आमचं नाव घालवू नकोस’ असं त्याने दटावलं नाही. चार शब्द बोलला तो. तेही घरच्या भाषेत.

आता घराकडे वळते, कारण माझं खरं भांडण घराशी आहे. माणूस माझ्याकडे आणून सोडतात ते रेडिओ दुरुस्तीला टाकावा तसा. ‘नीट करून द्या, आम्ही न्यायला येऊ.’ पण ज्या घरात तो बिघडला, ते घर जसंच्या तसं राहणार असेल, तर माझ्या खोलीतला तास काय करील? पुण्यात १९८६ साली अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. तिथेही घरच्यांना उपचारात ओढून घेतात, ते उगीच नाही. दारू सोडून आलेल्या नवऱ्याला घरात पुन्हा जागा करून द्यावी लागते. दहा वर्षं तो नसल्यासारखाच होता. पैशाची पेटी, मुलांच्या शाळा, नातेवाइकांचे व्यवहार सारं बायकोच्या अंगावर पडलेलं. आता तो शुद्धीवर येऊन ‘मी बँकेत जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तिच्या पोटात गोळा येतो. तिचा अविश्वास योग्यच आहे, तो तिने सोसून कमावला आहे. पण आईने पाकीट लपवायचं, भावाने तोंडाचा वास घ्यायचा आणि सगळ्यांनी मिळून ‘तू सुधार’ म्हणायचं, हे वर्षानुवर्षं चालत नाही. विश्वासाचीही मात्रा ठरवावी लागते : या महिन्यात विजेचं बिल, पुढच्या महिन्यात किराणा. बदलाचं औषध सगळ्या घराने घ्यायचं असतं, असं मी म्हणते ते या अर्थाने.

दोन ठिकाणी मात्र माझा हा युक्तिवाद कुणी वापरू नये. पहिलं ठिकाण आजाराचं. भास होणं, संशयाने पछाडणं, आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळणं, जीव नकोसा होणं, याला स्वभावही म्हणू नये आणि ‘सवय बदल’ असंही सांगू नये. तिथे मनोविकारतज्ज्ञ आणि औषधं लागतात. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या दर शंभर प्रौढांपैकी दहाहून अधिक जणांना कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला, आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते. आपल्या भागात अजूनही ‘धारवाडला न्यायची वेळ आली’ हे शिवीसारखं बोलतात. धारवाडचं मनोरुग्णालय १८४५ सालचं. इतक्या वर्षांत इमारत बदलली, नाव बदललं, उपचार बदलले. आपली थट्टा तेवढी जागची हलली नाही. स्वभाव न बदलण्याची तक्रार करायचीच असेल, तर समाजाच्या या स्वभावाची करावी.

दुसरं ठिकाण मारहाणीचं. मुलगी माहेरी येऊन पाठीवरचे वळ दाखवते, तेव्हा एरवी ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणारी हीच मंडळी अचानक आशावादी होतात : ‘मूल झालं की सुधारेल.’ नाही. बदलाची जबाबदारी मारणाऱ्याची. ती मार खाणारीच्या पाठीवर टाकून वाट पाहायची नसते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा २००५ सालीच झाला आहे. आधी तिची सुरक्षितता, मग त्याची सुधारणा. हा क्रम उलटा करणारे समुपदेशक असोत की वडीलधारे, त्यांनी मध्ये पडू नये.

शेवटचा मुद्दा भाषेचा. सीमाभागात तो टाळून चालणार नाही. सभांत आणि मोर्चांत आपण भाषेबद्दल बोलतो. डॉक्टरच्या खोलीत काय होतं, याबद्दल मात्र चकार शब्द काढत नाही. खेड्यातली बाई मराठी बोलते, डॉक्टर कन्नड बोलतात, आणि मध्ये दुभाषी म्हणून बसतो तिचा नवरा. ती दहा वाक्यं बोलते, तो एक सांगतो : ‘हिला झोप येत नाही.’ झोप का येत नाही, हे त्या नऊ वाक्यांत होतं. डॉक्टर भले असतात, गोळी देतात. कारण मात्र भाषांतरात गळून गेलेलं असतं. हीच गोष्ट मराठी डॉक्टरसमोर बसलेल्या कन्नड बाईची. दुःख ज्या भाषेत होतं त्याच भाषेत ते सांगता यावं, ही मागणी कुठल्याही भाषेच्या विरुद्ध नाही. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क सुरू आहे. तिथे मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. आपल्या किती वाचनालयांत, किती मंडळांच्या फलकांवर हा क्रमांक लिहिलेला आहे? गणेशोत्सवाच्या मांडवाला कमान उभारणाऱ्यांना एवढी ओळ रंगवणं जड आहे का? आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयाची एक खोली दोन्ही भाषा जाणणाऱ्या समुपदेशकाला द्यावी, नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवावं, आणि बाईचं म्हणणं तिच्या तोंडून ऐकावं. भाषेची ही सेवा परिसंवादाइतकीच मोठी आहे.

आणि भाषेनेच आपल्याला बदलाचा सोपा धडाही दिला आहे. आपल्यापैकी ज्यांनी मोठेपणी कन्नड शिकली, त्यांनी ती व्याख्यान ऐकून शिकली नाही. दुकानात अडखळत, चुकीचं क्रियापद वापरून, समोरच्याचं हसू झेलून शिकली. आज दोन शब्द, उद्या एक वाक्य. चूक झाली म्हणून कुणी तोंड शिवून घरी बसलं नाही. पन्नाशीत नवी भाषा बोलू लागणाऱ्या माणसाने ‘बायकोशी नीट बोलणं या वयात जमायचं नाही’ असं म्हणू नये.

वाचकहो, या दिवाळीत फराळाला चार माणसं जमतील आणि कुणीतरी कुणाबद्दल तरी ती म्हण फेकेलच. तेव्हा हसून सोडून देऊ नका. विचारा, की हा निवाडा कुणाच्या सोयीचा? विचारा, की घरातल्या सुनेला हीच सवलत मिळाली होती का? आणि ज्याच्याबद्दल म्हण फेकली तो तिथेच बसला असेल, तर मागच्या महिन्यात त्याने केलेली एखादी बरी गोष्ट सगळ्यांसमोर सांगा. स्वभावाला औषध आहे. ते रोज घ्यावं लागतं आणि घरातल्या सगळ्यांनी घ्यावं लागतं. म्हणूनच ते नाही असं म्हणणं आपल्याला इतकं आवडतं.